चौथऱ्यावरचं वाफेचं इंजिन कसं सांभाळायचं: नागपूरच्या उन्हापावसातलं काम

फोन येतो तो बहुतेक मार्चमध्ये, आणि प्रश्न ठरलेला असतो: "काकाजी, आमच्या आवारातल्या इंजिनाला कोणता रंग मारायचा?" संस्थेचा वर्धापनदिन जवळ आलेला असतो, पाहुणे ठरलेले असतात, कुणीतरी पंधरा लिटर काळा इनॅमल आणूनही ठेवलेला असतो. माझं उत्तरही ठरलेलं आहे. रंगाचे डबे खोलीत ठेवा, कुलूप लावा आणि आधी एक टॉर्च, एक हातोडी आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन या.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. कारखान्यात फिटर म्हणून उमेदीची वर्षं घालवलेला माणूस मी, पण निवृत्तीनंतर पहिलं इंजिन हाती आलं तेव्हा मीही आधी रंगच मारला. चकचकीत काळं अंग, लाल बफर बीम (इंजिनाच्या पुढची आडवी तुळई), पितळी पट्टीवर ब्रासो. लोकांनी फोटो काढले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात स्मोकबॉक्सच्या, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाच्या धूरपेटीच्या, पोटाशी रंगाला फोड आले. एक फोड नखाने उचकटला तर खालून तांबडं पाणी ओघळलं. स्क्रूड्रायव्हर टेकवला, जोर दिलाच नाही, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बरोबरचा वेल्डर खाली वाकून बघत म्हणाला, "हे तं चाळणी झालं नं भाऊ." आम्ही चाळणीला रंग दिला होता.

म्हणून या लेखात रंग शेवटाकडे येईल. त्याआधीचं काम मोठं आहे.

इंजिन जगलं कसं, ते आधी समजून घ्या

वाफेचं इंजिन कुठे सडतं हे त्याच्या नोकरीवरून कळतं. आपल्याकडची बरीच छोटी इंजिनं अरुंद मार्गावरची, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर (गेज) दोन फूट सहा इंच, ७६२ मिलिमीटर असलेली. नागपूरला पहिली गाडी १८६७ मध्ये मुंबईच्या बाजूने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची आली. पूर्वेकडची नागपूर–छत्तीसगड रेल्वे मीटर गेजची होती, ती १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने घेऊन ब्रॉडगेज केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सातपुड्यात गोंदिया, नैनपूर, जबलपूर, छिंदवाडा असं अरुंद रुळांचं जाळं पसरलं. त्यावर ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात बांधलेली सीसी वर्गाची इंजिनं धावली: पुढे चार लहान चाकं, मधे सहा मोठी, मागे दोन. घाटात मँगनीज, लाकूड, कोळसा आणि माणसं ओढायला ही पुरेशी होती. मोतीबागच्या कारखान्याने अशी इंजिनं पिढ्यान्‌पिढ्या उघडली आणि मिटली. तिथेच, कडबी चौकाजवळ, १४ डिसेंबर २००२ रोजी नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झालं. तुमच्याकडे इंजिन असेल तर एक दिवस काढून तिथे जा आणि इंजिनाच्या बाजूने नव्हे, खालून बघा.

छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये बंद झाली, पण तोवर डिझेल होतं. वाफ त्याआधीच गेली. आपल्या विदर्भात ती सगळ्यांत चिवट निघाली 'शकुंतला' या छोट्या गाडीवर: १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं इंजिन मूर्तिजापूर–यवतमाळच्या कापसाच्या मुलखात १९९४ पर्यंत राबत होतं.

आता रोजची नोकरी बघा. फायरबॉक्समध्ये कोळसा जळतो. गरम वायू पाण्यातून जाणाऱ्या शेकडो ट्यूबांमधून पुढच्या स्मोकबॉक्समध्ये येतात. काम करून झालेली वाफ तिथेच खालच्या तोंडातून चिमणीत झेपावते आणि जाताना धूर ओढून नेते. त्या ओढीने आग पेटते. म्हणजे इंजिन जितकं जास्त दमतं तितकी आग आपोआप भडकते. माणसाच्या हुशारीचा याहून साधा नमुना मला तरी ठाऊक नाही. दोन सिलिंडरच्या इंजिनाची चाकं एकदा फिरली की चार झटके, म्हणजे आपली छुकछुक चार वेळा.

फूटप्लेटवर, म्हणजे इंजिन चालवणारे उभे राहतात त्या जागी, ड्रायव्हर, फायरमन आणि आगवाला. ड्रायव्हरची नजर सिग्नलवर, फायरमनची पाण्याच्या काचेवर. फायरबॉक्सच्या छतावर पाणी नसलं तर छत लाल होऊन खचतं, म्हणून छतात शिशाने भरलेला प्लग असतो. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि वाफ आगीवर सुटून सावध करते. अशी वेळ ज्याच्या हातून आली तो फायरमन पुढे बरेच दिवस कॅन्टीनमध्ये मान खाली घालून बसे.

शेडमध्ये परतल्यावर आग पाडायची, राख काढायची, स्मोकबॉक्सचं दार उघडून आतली काजळी फावड्याने ओढायची. ठरावीक दिवसांनी वॉशआउट: बॉयलर थंड करून प्लग काढायचे, पाण्याच्या जोरदार धारेने गाळ धुवायचा. आपल्याकडच्या जड पाण्याने बॉयलरच्या आत खडूसारखा थर जमतो. तो थर, ती काजळी आणि ती राख लक्षात ठेवा. इंजिन चौथऱ्यावर आलं तेव्हा या तिन्ही गोष्टी बहुधा तशाच आत राहिल्या, कारण शेवटच्या दिवशी साफसफाईला कुणी थांबत नाही.

पहिला आठवडा: हात लावायचा नाही

पहिला आठवडा फक्त बघण्याचा आणि लिहिण्याचा. साधी शंभर पानी वही घ्या. चारी बाजूंनी, खालून, केबच्या (ड्रायव्हरच्या खोलीच्या) आतून फोटो काढा. बनवणाऱ्याची पाटी शाबूत असेल तर तिच्यावर कारखाना, क्रमांक आणि वर्ष मिळेल. नसेल तर, आणि बहुधा नसतेच, चाकं फिरवणाऱ्या आणि एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि कपलिंग रॉडच्या, टोकांवर शोधा. केरोसीनच्या बोळ्याने वंगण पुसलं की लोखंडात ठोकलेले आकडे वर येतात. कधी डाव्या रॉडवर एक नंबर आणि उजव्यावर दुसराच. दचकू नका. शेडमध्ये एकाचं काढून दुसऱ्याला लावणं हा नित्यक्रम होता. ते आकडे आहेत तसे उतरवून घ्या, "दुरुस्त" करू नका. माझ्या एका वहीत एकाच इंजिनाच्या अंगावरचे तीन निरनिराळे नंबर आहेत, आणि त्या इंजिनाची खरी कुंडली तीच आहे.

मग हातोडी. अर्ध्या किलोची पुरे. पत्र्यावर वीतभर अंतराने हलके ठोके मारत जा. धड लोखंड टणत्कार देतं, कुजलेलं थप्प बोलतं. थप्प आलं तिथे खडूने गोल करा. सरावलेला कान पुरेसा असतो, पण खर्च परवडत असेल तर अल्ट्रासोनिक गेजवाल्याला बोलावून जाडी मोजून घ्या आणि आकडे वहीत लिहा. दोन वर्षांनी तेच ठिकाण पुन्हा मोजलं की गंज किती वेगाने खातो ते कळतं.

मे महिना: उघडा, काढा, वाळवा

नागपूरचा उन्हाळा आपण शिव्या देत काढतो, पण या कामाला त्याच्यासारखा मदतनीस नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत. जे ओलं असेल ते एप्रिल–मेमध्येच सुकणार. काम मात्र सकाळी सहा ते साडेनऊ. त्यानंतर लोखंडाला हात लावला की फोड येतो.

पहिलं दार स्मोकबॉक्सचं. मधला दांडा गंजून बसलेला असतो. तिथे घण घालू नका. केरोसीन आणि गिअर ऑइल समभाग करून रोज संध्याकाळी थेंब थेंब सोडा, चार-पाच दिवस. मग लांब पान्याने आधी किंचित घट्ट करायचा प्रयत्न करा, नंतर सैल. उघडलं की तळाशी काळा, दमट, कुजका थर दिसेल. हाच खरा गुन्हेगार. कोळशाच्या राखेत गंधक असतं. त्यात चिमणीतून पडलेलं पावसाचं पाणी मिसळलं की आम्ल तयार होतं आणि ते वर्षभर पोलादाला चाटत बसतं. माझा स्क्रूड्रायव्हर ज्या भोकातून गेला ते भोक याच थराने पाडलं होतं.

थर फावड्याने काढा, कोपरे खरवडा, शेवटी व्हॅक्यूम क्लीनर लावा. मास्क आणि चष्मा लावल्याशिवाय आत डोकं घालायचं नाही. पाण्याने धुवायचा मोह होतो. धुवायचंच असेल तर भर मे महिन्यात, थोडा धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने, आणि पाणी लगेच बाहेर पडेल अशी वाट केल्यावरच. हेच सगळं फायरबॉक्सखालच्या राखपेटीत आणि टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, कोळशाच्या भागात. टेंडरच्या तळाशी भुकटीचा हातभर गाळ निघतो, त्यात पिंपळाचं रोप हमखास. रोप ओढून काढू नका, मुळं पत्र्याच्या सांध्यात शिरलेली असतात. बुडाशी कापा, वाळू द्या, मग चिमट्याने मुळं उचला.

इथे एक धोका सांगायलाच हवा. बॉयलरवरच्या पातळ पत्र्याखाली उष्णता राखणारा थर असतो, आणि जुन्या इंजिनांत तो बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉसचा. पत्रा फाटलेला असेल आणि आतून पांढरट-करडे तंतू डोकावत असतील तर काम तिथेच थांबवा. खरवडू नका, झाडू मारू नका, विद्यार्थ्यांना श्रमदानाला तर मुळीच बोलवू नका. त्याची धूळ फुप्फुसात कायमची राहते. ते काम परवानाधारक माणसांचं आहे, पैसे जास्त लागले तरी.

बॉयलर: बंद की उघडा?

यावर दोन मतं आहेत. पहिलं: बॉयलर पूर्ण कोरडा करून, आत चुनकळीच्या किंवा सिलिका जेलच्या थाळ्या ठेवून सगळी तोंडं बंद करायची. दुसरं: खालचे वॉशआउट प्लग काढून ठेवायचे आणि हवा खेळू द्यायची. पुस्तकी दृष्टीने पहिलं चांगलं. पण त्या थाळ्या दर एक-दोन महिन्यांनी काढून बघाव्या लागतात, भिजलेली चुनकळी बदलावी लागते. जिथे इंजिनाची जबाबदारी दर वर्षी नव्या क्लार्ककडे जाते तिथे दुसऱ्या वर्षी कुणी थाळी बघत नाही. मग आतला ओलावा आतच कोंडतो. मी त्यामुळे उघड्या बॉयलरच्या बाजूचा.

प्लग काढलात की फायरबॉक्सच्या पायथ्याशी, चारी कोपऱ्यांतल्या भोकांतून वाकवलेली सळई आत फिरवा. क्षार आणि गाळाचे ढेकूळ बाहेर येतील. हा गाळ स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, म्हणून बॉयलर तिथे सगळ्यांत आधी पातळ होतो. गाळ निघाला की भोकांना बारीक जाळी बांधा, नाहीतर धामण मुक्कामाला येते. काढलेले प्लग ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून, कुलपाच्या पेटीत. पितळेचा प्लग उघड्यावर ठेवला तर तो भंगारच्या तराजूत पोचायला एक रात्र पुरते.

पाणी कुठून येतं ते शोधा

मे संपता संपता सगळं कोरडं झालं की चिमणीला टोपी करा. जाड पत्र्याची, शंकूसारखी, आतून तीन पायांवर टेकलेली, कडेने बोटभर फट. फट हवेसाठी, आणि तिला जाळी साळुंक्यांसाठी. टोपी चिमणीला वेल्ड करू नका. समारंभाच्या दिवशी ती काढून ठेवता आली पाहिजे.

मग पहिल्या मोठ्या पावसाची वाट बघायची आणि छत्री घेऊन इंजिनापाशी उभं राहायचं. हे मी थट्टेने सांगत नाही. अर्ध्या तासात जे कळतं ते वर्षभर कोरड्यात कळत नाही. केबच्या छताच्या सांध्यातून धार लागते. डोमच्या, म्हणजे बॉयलरवरच्या घुमटाच्या, बुडाशी पाणी पत्र्याखाली शिरतं. फूटप्लेटच्या लाकडी फळ्या खालून ओल्या राहतात. सिलिंडरच्या वरच्या खोलगट भागात चक्क वाटीभर पाणी साठतं. प्रत्येक जागा वहीत लिहा. सांधे सीलंटने भरा, आणि जिथे पाणी साठतं तिथे त्याला जायला वाट द्या. सिलिंडरखालचे ड्रेन कॉक उघडेच ठेवा. बसले असतील तर काढून टाका. जुन्या मूळ पत्र्याला ड्रिलने नवं भोक पाडायला मी कचरतो, पण तळ कायमचा गमावण्यापेक्षा सर्वांत खालच्या बिंदूवर बोटाएवढं भोक परवडतं. पाडलंत तर वहीत नोंद करा.

चौथरा

सर्वांत वाईट चौथरा म्हणजे चाकं सिमेंटमध्ये बुजवलेला. लोखंड आणि काँक्रीटच्या सांध्यात पाणी मुरतं आणि चाकाची पोलादी धाव खालून खाल्ली जाते. इंजिन रुळांवर, रूळ स्लीपरवर, स्लीपर गिट्टीवर, आणि गिट्टीखाली उतार देऊन नाली. हिरवळ नको. माळ्याचा फवारा इंजिनावर रोज उडतो, म्हणजे तुम्ही बारा महिन्यांचा पावसाळा विकत घेतला. ही एक गोष्ट बागप्रेमी लोकांना पटवताना माझी दमछाक होते.

जागा असेल तर रूळ दोन्ही बाजूंना एकेक मीटर जास्त ठेवा. वर्षातून एकदा जाणत्या माणसांच्या देखरेखीत इंजिन हातभर सरकवलं की बेअरिंगवरचा भार जागा बदलतो. एरवी चारी बाजूंनी लाकडी गुटके ठोकलेले असावेत.

रॉड आणि चकाकणारे भाग

चंदेरी रंग. आपल्याकडच्या निम्म्याअधिक इंजिनांच्या रॉडना हा फासलेला आहे, आणि तो बघितला की माझं डोकं फिरतं. कामावरच्या इंजिनाचे रॉड सहसा रंगवलेले नसत. क्लीनर पोरं ते तेलाच्या बोळ्याने घासून आरशासारखे ठेवत. रंगाने ठोकलेले आकडे बुजतात, सांधे चिकटतात आणि रंगाखाली गंज निवांत पसरतो. पेंट रिमूव्हरने तो उतरवा. ग्राइंडर लावू नका, तो आकडे खातो. मग केरोसीन, कोरडा बोळा आणि घट्ट ग्रीसचा पातळ हात. जिथे लहान मुलं हात लावतात तिथे ग्रीसऐवजी सुकणारं पारदर्शक गंजरोधक लॅकर द्या, नाहीतर आया तुमच्या नावाने बोटं मोडतील. तेलाच्या कपांची झाकणं हरवली असतील तर लाकडी बुचं ठोका. तेवढं पुरतं.

आता रंग

रंगाचा हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात ओल असते, आणि मे महिन्यात पत्रा इतका तापतो की रंग वरून सुकतो, आत कच्चा राहतो.

जुना रंग काढताना लक्षात ठेवा: जुना तांबडा-नारिंगी प्रायमर बहुधा शिशाचा असतो. आपला शेंदूर तो हाच, शिशाचं ऑक्साइड. त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवायची नाही. पाणी शिंपडत ओलं खरवडा, खाली ताडपत्री अंथरा, खरवडलेलं गोळा करून वेगळं बांधा, आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका. सगळा रंग काढायचा नाही. एका आडोशाच्या जागी, केबच्या आत वगैरे, तळहाताएवढा तुकडा हळूहळू पॉलिश पेपरने पायऱ्यापायऱ्यांनी घासा. झाडाच्या वलयांसारखे एकाखाली एक थर दिसतील. एका इंजिनावर मला काळ्याखाली हिरवा आणि हिरव्याखाली पिवळ्या रेघेचा तुकडा मिळाला होता. तो तुकडा आम्ही तसाच ठेवला, वर वार्निश देऊन.

उघड्या लोखंडावर प्रायमर त्याच दिवशी, ऊन असतानाच. रात्रीचं दव एकदा बसलं की सकाळी पुन्हा घासायला लागेल. झिंक फॉस्फेटचे दोन हात, मग इनॅमलचे दोन. कुजलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून वर रंग देणारे कंत्राटदार भेटतील. त्यांना चहा पाजा आणि परत पाठवा. भोक असेल तर तेवढा भाग कापून त्याच जाडीचा पत्रा लावा. कापलेला तुकडा फेकू नका, त्यावर तारीख लिहून ठेवा.

आग पेटवायची का?

हे नेहमी कुणीतरी विचारतं, डोळे लकाकत. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे सोळाशे पट वाढतं. ब्रॉडगेजच्या डब्ल्यूपी वर्गाचा बॉयलर दर चौरस इंचाला २१० पौंडांच्या दाबावर चाले. दशकानुदशकं चौथऱ्यावर उभा असलेला, पाया पातळ झालेला बॉयलर या आकड्यांपुढे बॉम्ब आहे. प्रत्येक स्टे (बॉयलरचे पत्रे धरून ठेवणारा दांडा), प्रत्येक ट्यूब तपासून, गार पाण्याच्या दाबाची चाचणी होऊन, बॉयलर निरीक्षकाची सही झाल्याशिवाय आत काडीसुद्धा ओढायची नाही. धूर दाखवायला फायरबॉक्समध्ये टायर जाळल्याचं मी एका समारंभात पाहिलं आहे. ती काजळी काढायला आम्हाला आठवडा लागला.

वर्षाचा फेरा

एप्रिल–मेमध्ये साफसफाई. जूनच्या पहिल्या पावसात छत्री. जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरवड्याला टॉर्च घेऊन एक फेरी, विशेषतः स्मोकबॉक्सचा तळ. हात फिरवा, ओल लागली तर पाण्याची वाट चुकलेली आहे. पाऊस ओसरला की हातोडी आणि वही घेऊन सगळी तपासणी.

ही तपासणी नवरात्रात येते, आणि खंडेनवमीला इंजिनाची पूजा होणार हे गृहीत धरा. होऊ द्या, कारखान्यातही व्हायचीच. फक्त हळद-कुंकू थेट लोखंडावर न लावता विड्याच्या पानावर लावून पान बफर बीमवर ठेवा. झेंडूचा हार तारेने न बांधता सुताने बांधा आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आठवणीने उतरवा, ओल्या फुलांखाली रंग आठवड्यात उठतो. नारळ मात्र गिट्टीवर फोडा.